नणंदेचा बाहेरून पाठिंबा

दातांच्या दवाखान्यात एक गवंडी सुजलेला गाल धरून बायकोशेजारी बसला होता. समोर दोघी बहिणी बोलत होत्या, आणि ठणका विसरून त्याचे कान तिकडेच लागले होते.

"घरात मतं पाच. सासू-सासरे दोन, आम्ही नवरा-बायको दोन. बहुमत कुणालाच नाही."

"आणि नणंद?"

"तिचा आम्हाला बाहेरून पाठिंबा. म्हणजे स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही, पण मोठी खोली तिला."

"दिलीस?"

"दिली की! लगेच सासूबाईंनी तिला स्कूटर कबूल केली. पडलं आमचं सरकार."

"अगंबाई! मग?"

"मग मी थेट सासूबाईंशीच युती केली. कार्यक्रम एकच, रात्रीची भांडी पुरुषांनी घासायची."

"मग तुम्ही दोघी, ते दोघे. नणंद?"

"ती तटस्थ. भाव खातेय नुसती. एक मत कमी पडतंय बघ."

तेवढ्यात तिचा नवरा दात काढून, तोंडात कापूस दाबून बाहेर आला.

"अहो, भांडी घासायला तुमचा विरोध असेल तर आत्ताच बोला."

"म्... म्म्!"

"नाही ना? ताई, तू साक्षीला आहेस हं. ठराव मंजूर!"

सिस्टरने गवंड्याला आत बोलावलं. त्याने कान टवकारून बसलेल्या बायकोकडे एकदा पाहिलं.

"सिस्टर, कापूस न घालता दात निघतो का हो?"