कोणाच्या हस्ते

रॅप गाण्याची बातमी पेपरात कशी येते, ते मला विचारा. दादा गेल्यावर त्याच्या फोनमध्ये एक पूर्ण झालेलं मालवणी रॅप सापडलं. मी ते त्याच्या नावाने यूट्यूबवर टाकलं आणि तडक आमच्या भागातल्या वार्ताहराकडे गेलो.

"प्रकाशन कोणाच्या हस्ते झाला?" त्यांनी विचारलं.

"माझ्याच. ह्या बोटान टाकलंय."

"मगे बातमी कशी होतली? कोण तरी मान्यवर व्हयो."

मी तसाच गाडीवरून गावात आलो. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, निवृत्त गुरुजी, जे भेटले त्यांना अंगणात आणून बसवलं. सरपंचांनी नारळ फोडला, फोनचं बटण दाबलं. स्पीकरवर दादा सुरू झाला आणि गुरुजी भजनाला बसल्यासारखे टाळ्या वाजवू लागले. मी फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. त्यात अकरा जणांची नावं होती, दादाचं नव्हतं. मी वार्ताहरांना फोन लावला.

"काका, गाणा जेना म्हटल्यान, तेचा नाव खंय?"

"जागा संपली रे. मान्यवरांची नावा आधी घेवची लागतत."

मी आणखी बोलणार होतो, पण आईने फोन काढून घेतला.

"रवांदे," ती म्हणाली. "तेचा नाव गेल्या म्हयन्यात इला होता. निधनवार्तेत, फोटोसकट."