फ्रेमवर कोरायचं नाव

ओकव्हिलहून टोरोंटोला जाणाऱ्या ट्रेनमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक मराठी जोडपं बोलत होतं.

"अनुया, सायकल स्टीलची घेऊ की टायटॅनियमची?"

"स्टीलची घे. आपले डबे तीस वर्षांत गंजले नाहीत."

"अगं, ते स्टेनलेस. सायकलचं स्टील इथे विंटरमध्ये रस्त्यांवर टाकतात त्या सॉल्टने गंजतं."

"आणि टायटॅनियम?"

"जन्मभर तसंच. रंगसुद्धा द्यावा लागत नाही."

"मग त्यावर नाव कोरून घेऊ."

"चोरीला जाईल म्हणून?"

"नाही रे, भांड्यांवर कोरतात तसं. 'उन्मेषला साठीनिमित्त, अनुयाकडून.'"

"साठीला अजून चार वर्षं आहेत, अनुया!"

"फ्रेमवरच तुझी दोन वर्षं गेली, उन्मेष. अजून चाकं, हँडल आणि सीट ठरायचीयत."