धूर काय आमच्या एकट्याच्याच गाडीला येतो?

नाही, पण मी म्हणते, धूर काय आमच्या एकट्याच्याच गाडीला येतो? येष्टीला येत नाही? गुऱ्हाळाला येत नाही? सांगलीच्या त्या पासिंगच्या साहेबांच्या तोंडात सिगारेट होती, ती काय उदबत्ती होती? आणि तेच साहेब आमच्या जीपला म्हणतात, "धूर फार आहे, नापास!" मी तशी कुणाशी बोलत नाही हो, पाहुणे आले तरी दाराआडच असते, पण आज तुम्हाला सांगतेच, कारण त्या दिवशी जीपबरोबर मीही नापास झाले होते!

म्हणजे कसं, आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिराळ्याला जायचं, तर येष्टी येते दुपारी आणि शाळा भरते सकाळी! मग आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निकाल दिला, "नाथाजीची जीप पास झाली तर जायाचं शाळंला. न्हाई झाली तर गप चुलीम्होरं बसायचं." झालं! पोरीचं शिक्षण लटकलं कशाला, तर सायलेन्सरला!

आता जीप साधी असती तर... पण आमचे नाथाजीकाका कुठले साधे? एकाहत्तरच्या लढाईत लष्कराचा ट्रक भरधाव हाकलेला माणूस! पेन्शनीत आले, लिलावातली जीप घेतली आणि म्हणाले, "ही काय गाडी हाय? ही तर म्हस हाय!" मग गाठलं इलाही मिस्त्रींना. इलाहीचाचांनी मूळचं इंजिन काढून कुठल्याशा ट्रकचं डिझेल इंजिन तिच्या पोटात बसवलं, आणि जीप अशी सुटायला लागली म्हणता! पुढं येष्टी दिसली की काका ओरडणार, "धरा गं पोरींनो!" की येष्टी मागं! पण मागं वळून बघावं तर येष्टी नाही, रस्ता नाही, झाडं नाहीत, नुसता काळा धूर!

इंजिन बदललं की पासिंग आलंच. पहिल्यांदा नेली, नापास. काका म्हणाले, "सायेब, लढाईत कुणी धूर बघत न्हाई!" साहेब म्हणाले, "ही लढाई नाही. शाळेच्या मुली बसणार ना हिच्यात?" अहो, पण त्या मुलींना विचारा की! धूर काय आमच्या एकट्याच्याच गाडीला येतो?

मग घरात सभा. इलाहीचाचा म्हणाले, "इंजन उघडून साफ करावं लागंल, जरा येळ द्या." बरोबर बोलले की नाही? पण ऐकतंय कोण! आबा आमचे गुळव्या, गूळ करण्यात सगळा जन्म रसाच्या कढईपुढं, त्या काहिलीपुढं गेलेला. उसाच्या रसात रानभेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते आणि रस निवळतो. तर आबा म्हणतात, "आवं मिस्त्री, भेंडी रसातली घाण वडून घेती, तर धुरातली घेणार न्हाई व्हय?" आणि कुणी हसलं म्हणता? काका तर उडालेच, "दादा, लय भारी!" इलाहीचाचांनी तेवढा कपाळाला हात लावला. पण आबा... एरवी 'शाळा कशाला' म्हणणारे आबा... भर उन्हात रानभेंडी शोधत हिंडले, स्वतः कुटली, त्या पाण्यात गोणपाटाचा बोळा भिजवला आणि सायलेन्सरात कोंबला. आता ह्या माणसावर रागवायचं तरी कसं? सांगा!

गेलो सांगलीला. मी मागं बसलेली, जीव मुठीत. साहेब वाकले, सायलेन्सरपुढं पांढरा रुमाल धरला... जीप हळूच फुरफुरतेय... रुमाल पांढराच! "वा!" साहेब म्हणाले. आबांनी मिशीवरनं हात फिरवला. साहेब खिशातलं पेन काढणार, इतक्यात... इतक्यात आमचं लष्कर! "सायेब, ही तर कायच न्हाई, आता दाबतो बगा!"

अहो, कुणी सांगितलं होतं दाबायला? दाबलं! फाट्कन बोळा सुटला तो थेट साहेबांच्या छातीवर! काळाकुट्ट, चिकट, तार सुटलेला! आणि मागोमाग कोंडलेला सगळा धूर! साहेब दिसेचनात, नुसता आवाज, "नापास! नापास!" आणि आबा त्या धुरात चाचपडत त्यांचा शर्ट पुसतायत, "धुतला की निगंल सायेब, भेंडीच हाय!"

मी तिथंच उभी राहून रडले. कुणाला दिसलं नाही, तेवढाच त्या धुराचा उपयोग.

शेवटी आबाच म्हणाले, "नाथा, जुनं इंजन घाल." काकांनी जेवण टाकलं, बोलणं टाकलं, पण इंजिन घातलं. आणि जीप पास! सांगलीच्या त्या सपाट पटांगणात कशी सुनेसारखी गुमान उभी राहिली!

जाते आता मी शाळेत, रोज जाते. पण शिराळ्याच्या अलीकडचा चढ आला की जुनं इंजिन असं दमतं, असं दमतं, की काका ओरडतात, "उतरा गं पोरींनो!" मग मी आणि इलाहीचाचांची अकिला, दोघी मागनं ढकलतो, आणि पास झालेली जीप सगळा धूर सोडते आमच्या तोंडावर!

प्रार्थनेआधी बाई गणवेश बघतात. "काय गं, हा रोज धूर कुठला?"

अगदी ओठावर येतं, धूर काय आमच्या एकट्याच्याच... पण बोलणार कोण? मान खाली घालते आणि म्हणते, "चुलीचा, बाई."