वढ्यावरच्या फरश्या

आमच्या मावळात कोन कवा आमदार झाला, ह्ये तुमी पेपरात काय हुडकत बसता? परंदवडीच्या फुडं आमची वाडी हाय, तितल्या वढ्यावर या आन पायानं मोजा.

त्या वढ्यावर पूल करतो म्हनून दर इलेक्शनच्या आदी आमदार येनार, नारळ फोडनार, सोताच्या नावाची फरशी बसवनार आन जानार. तीन आमदार झाले, तीन फरश्या झाल्या, पूल न्हाई. मागच्या पावसाळ्यात बायको दुधाची किटली घिऊन वढ्यात घसरली, हात मोडला. माजं डोस्कं फिरलं. पहार घेतली, तिनीच्या तिनी फरश्या उपटल्या आन वढ्यात दगडं रचून त्यावर टाकल्या.

यंदा चौथा आमदार नवी फरशी घिऊन हजर. त्याचा कार्यकर्ता वढ्यात बघून वरडला, "आबा, आमदारांच्या नावावर पाय देता?"

म्या म्हनलं, "नाव खालच्या अंगाला केलंय. माशांना वाचू दे की."

आमदार हसून म्हनले, "आबा, या बारीला पूल नक्की. नारळ तुमीच फोडा."

"नारळ घरी न्या सायेब, चटनी करा. फरशी तेवडी ठिवून जावा. पल्याड पोचाया एकच कमी पडतीय."

त्ये गाडीत बसाया लागले. मी गाडीफुडं बसकन मारली. फरशी उतरवली तवाच उठलो.

आता बायको कोरड्या पायानं पल्याड जाती. कुनी इचारलं तर सांगती, "चार आमदार लागले, पन पूल झाला."