मांजराचा पिक्चर आणि सुरमईची तुकडी

माझा एक लाडका जुना इंग्रजी पिक्चर आहे, मांजराचा. तीन भुताटकीच्या गोष्टी आणि तिन्हींत फिरणारं एकच मांजर. मी शंभरदा पाहिलाय. आमच्या आईला मात्र मांजर म्हणजे चोर. परळच्या आमच्या चाळीतल्या बोक्यामागे ती केरसुणी घेऊनच धावते.

परवा हट्टाने तिला पिक्चर दाखवला. शेवटी मांजर भुताशी झुंजून छोट्या पोरीला वाचवतं, तेव्हा आई चक्क डोळे पुसत होती. म्हटलं, चला, एवढ्या वर्षांनी आपला पिक्चर घरात पास झाला!

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो, तर सुरमईची मधली तुकडी दारातल्या बोक्यापुढे आणि माझ्या ताटात शेपटी.

"आई, हे काय गं?"

"मेल्या, त्याने पोरीचा जीव वाचवला. तू आजवर कोणाला वाचवलंस?"