वरणातले थेंब

मी मूळची भुसावळकडची, वडील रेल्वेत होते, अन् लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा मला केम छो सोडून गुजराती येत नव्हतं. आमचे हे कोयलीच्या रिफायनरीत कंत्राटदाराकडे फिटर, अन् घर भाड्याचं, सुभानपुऱ्यात, अजून तिथंच आहोत. शेजारच्या बेनने विचारलं रसोई करशील का, मी हो म्हटलं, तेव्हापासून लोकांच्या घरी स्वयंपाक करते. डाळीत गूळ घालायला शिकले, थेपले शिकले, भाषा पण ओट्यापाशीच शिकले. लोक म्हणतात, मंगलबेन, तुमच्या हाताला चव आहे. अन् माझ्या घरचं माणूस माझ्या हातचं खात नाही. काय सांगू ताई तुम्हाला, त्याला कारण मीच आहे.

हे आधी असे नव्हते हो. रविवारी दीपालीला, म्हणजे आमच्या मुलीला, सायकलवर पुढं बसवून फाफडा आणायला जायचे, येताना अर्धा पुडा दोघं मिळून संपवायचे. मंग हळूहळू झोप गेली. घरात गॅसचा वास येतो म्हणायचे, खिडक्यांच्या फटीत कापड कोंबायचे. कारखान्यातली माणसं पाळत ठेवतात म्हणायचे. आम्हाला वाटलं कामाचा ताण आहे, जाईल. सासरकडचे म्हणाले बाहेरचं काही असेल, त्याचे उतारेही करून पाहिले. अन् एक दिवस ताट पुढं ठेवलं तं हे ताटाकडे बघत राहिले अन् म्हणाले, मंगल, यात काहीतरी घातलंय. मी म्हटलं, अहो मी केलंय, मी काय घालीन. माझ्यासमोर तू खा म्हणाले. मी खाल्लं. तेव्हा कुठं जेवले. मंग रोजच तसं, आधी मी घास घ्यायचा, मंग ते. यांचं काम सुटलं, दीपाली मैत्रिणींना घरी बोलवेनाशी झाली.

मी एकटीच मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या घेऊन या त्यांना. मी म्हटलं येत नाहीत, मला काय झालंय म्हणतात. दोनदा तशीच परत आले. तिसऱ्यांदा रडले तेव्हा त्यांनी थेंबांची बाटली दिली, वास नाही, चव नाही. पण बजावून सांगितलं, हे थोडेच दिवस, झोप लागायला लागली की त्यांना खरं सांगा अन् घेऊन या, लपवून चालवू नका.

मी त्यांच्या वाटीतल्या वरणात थेंब घालायला लागले. माझा घास मी भातातून घ्यायचे. बघा, हेसुद्धा मी विचार करून ठरवलं होतं.

अन् गुण आला हो. झोपायला लागले, खिडक्या उघडल्या, पुन्हा कामावर जाऊ लागले. एकदा जेवता जेवता हसून म्हणाले, तुझ्यावर पण संशय घेतला मी, काय झालं होतं गं मला. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. जिभेवर आलं होतं. पण मला वाटलं आता कुठं घर सुरळीत चाललंय, दिवाळी होऊ दे, दीपालीची परीक्षा होऊ दे. डॉक्टरीणबाई विचारायच्या, सांगितलं का, मी म्हणायचे, सांगते.

मंग एक दिवस हे कामावरून लवकर आले. मी ओट्यापाशी, वाटीवर बाटली धरलेली, मागं वळले तं दारात उभे. ओरडले नाहीत. म्हणाले, म्हणजे खरंच होतं तर. एवढंच. ताई, जो भ्रम त्यांच्या डोक्यातून इतक्या मुश्किलीने गेला होता, तो मी माझ्या हाताने खरा करून दिला. मी पाय धरले, विष नाही हो औषध आहे म्हटलं. ते म्हणाले, मंग सांगितलं का नाहीस.

कितीतरी दिवस हे केळी अन् बिस्किटांवर राहिले, पाणीसुद्धा बाहेरचं. मला भीती, औषध सुटलं, आता पुन्हा सगळं सुरू होईल. शेवटी दीपाली त्यांच्यापाशी जाऊन बसली, म्हणाली, पप्पा, मम्मीवर नका ठेवू विश्वास, तुम्ही स्वतः चला अन् डॉक्टरांनाच विचारा. गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं समोरासमोर सांगितलं, आजाराचं नावही. ऐकून घेतलं अन् म्हणाले, गोळ्या माझ्याजवळ द्या, मी घेईन.

तेव्हापासून स्वतः घेतात, चुकवत नाहीत. कामावर जातात. माझ्याशी बोलतात, दीपालीच्या कॉलेजचं, भाड्याचं, सगळं. फक्त स्वयंपाक स्वतः करतात, तिघांचा. मी चार घरी रांधते अन् माझ्या घरी पाहुण्यासारखी ताटावर बसते. दीपाली म्हणते, मम्मी, तू नसतं दिलं तं पप्पा बरे झालेच नसते. असेल. पण ते हसून बोलले त्या दिवशी मी गप्प बसले, ते मला राहून राहून आठवतं.

परवा यांनी खिचडी केली. मी घास घेतला तं माझ्याकडे बघून विचारलं, कशी झालीय. आधीची मी असते तं म्हटलं असतं छान झालीय. आता मी असं नाही करत, लहान गोष्टीतसुद्धा नाही. म्हटलं, मीठ कमी आहे. ते उठले, बरणी आणली, माझ्यासमोर उघडली अन् चिमूटभर माझ्या ताटात घातलं. म्हणाले, आता बघ.

मी जेवले. यापेक्षा जास्त मी मागत नाही.