उंबऱ्यावरची दोरी

कोल्हापुरातल्या एका जुन्या वकिलांच्या घराचं इतिहास मंडळानं संग्रहालय केलंय. रविवारी तिथं दिवाणखान्याच्या दाराशी रांगेत उभा होतो. माझ्यापुढं टोपीवाले एक आजोबा आणि उंबऱ्यावर बांधलेल्या दोरीपाशी मंडळाच्या एक बाई.

“आजोबा, दोरी ओलांडू नका.”

“आत जायचंय की. तिकीट काढलंय.”

“तिकीट घराचं आहे. दिवाणखाना इथूनच बघायचा.”

“माझा बा बी हितंच उभा ऱ्हायचा. तीस वरसं दुधाचा रतीब घातला त्यानं ह्या घरात.”

“अरे वा! म्हणजे या घराशी तुमचं जुनं नातं आहे.”

“व्हय. उंबऱ्यापतोर.”

“ती बघा वकीलसाहेबांची खुर्ची.”

“खुर्ची ऱ्हाऊ दे. घड्याळ कुठं हाय? बा रोज त्याचं टोलं ऐकायचा, पर दिसलं कवाच न्हाय. तेच बघाय आलोय.”

“ते डावीकडच्या भिंतीवर आहे. इथून दिसत नाही.”

“बा बी हेच म्हणायचा.”

“असे वाकू नका, दोरी सुटेल. बाहेर घड्याळाच्या फोटोचं छान कार्ड मिळतं.”

“चालू तरी हाय न्हवं?”

“हो तर! मंडळानं मुद्दाम दुरुस्त करून घेतलंय. आता पाच मिनिटांत बाराचे टोल पडतील.”

“मग थांबतो. बासारखं ऐकून जातो.”

“अहो, पण तुमच्या मागे रांग आहे.”

“बाच्या येळंला रांग न्हवती.”